केल्विन किप्टम : तीन मॅरेथॉन, तीन विजय
केनियाचा धावपटू केल्विन किप्टम आयुष्यात तीनच मॅरेथॉन धावला आणि तिन्ही जिंकला : 2022 मध्ये व्हॅलेन्सिया, 2023 मध्ये लंडन आणि शिकागो. शिकागोत त्याने 42.195 किलोमीटर अंतर 2 तास 35 सेकंदांत कापून देशबंधू एलियुड किपचोगेचा जागतिक विक्रम 34 सेकंदांनी मोडला. त्याची खरी ताकद उत्तरार्धात दिसे. इतरांचे पाय जड होत, तेव्हा तो वेग वाढवी. लहानपणी गुरे राखताना तो अनवाणीच धावपटूंच्या मागे पळे. त्यांतलेच एक, रवांडाचे जर्वे हकिझिमाना, पुढे त्याचे प्रशिक्षक झाले. 11 फेब्रुवारी 2024 रोजी काप्तागतजवळच्या मोटार अपघातात दोघेही गेले. किप्टम अवघा 24 वर्षांचा होता. विक्रमाला अधिकृत मान्यता मिळून आठवडाही उलटला नव्हता.