हरिद्रेचे शेत आणि वैद्याचे दायित्व

चिकित्सेच्या चतुष्पादांत भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांची गणना होते. यांपैकी द्रव्य बाजारातून आले, त्याचे चूर्ण झाले आणि ते बरणीत भरले, की आपली जिज्ञासा बहुधा तेथेच संपते. वस्तुतः सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषध कोणत्या भूमीतून घ्यावे याचाच विचार आला आहे. वारुळे, स्मशान, खड्डे व क्षार यांनी दूषित झालेली भूमी तेथे वर्ज्य मानली आहे.

हा विचार आखाडा बाळापूरच्या परिसरात सहज पडताळून पाहता येतो. कळमनुरी तालुक्यातील हे गाव हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. शेजारच्या वसमत तालुक्याचे नाव धारण करणाऱ्या वसमत हळदीस 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; वायगाव व सांगलीच्या हळदीस ते अनुक्रमे 2016 व 2018 मध्ये मिळाले होते. मात्र मानांकनाने नावाचे रक्षण होते, द्रव्याचे रक्षण शेतावरच व्हावे लागते.

मे-जूनमध्ये लावलेली हळद साधारणतः आठ-नऊ महिन्यांनी काढली जाते. नंतर ती शिजविणे, उन्हात वाळविणे व पॉलिश करणे या क्रिया होतात. लहान शेतकऱ्यास पैशाची निकड असते, म्हणून तो माल तत्काळ विकतो. अनेक शेतांचा माल एका ढिगात मिसळला, की कोणत्या भूमीचे द्रव्य कोणते हे ओळखता येत नाही. रंग खुलविण्यासाठी होणाऱ्या भेसळीस वाव मिळतो तो याच टप्प्यांवर. मेटॅनिल यलोची शंका असल्यास हळदीच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाहावे. पाणी वाढवूनही गुलाबी छटा टिकली तर भेसळ समजावी. लेड क्रोमेट मात्र या परीक्षेत सापडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. आयुर्वेदीय औषधांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 10 भाग आहे, हे औषधालयाच्या चालकांनी विसरू नये.

यावर उपाय सोपा आहे. दोन-चार व्यावसायिकांनी मिळून पेरणीपूर्वीच एखाद्या शेतकरी गटाशी बोलणी करावी. फवारणीची नोंद, काढणीचा दिनांक, पॉलिशमध्ये रंग न वापरण्याची अट आणि बाजारभावापेक्षा किंचित अधिक दर, एवढे लिहून ठरवावे. काही आगाऊ रक्कम दिली, तर शेतकऱ्यास घाईने विकावे लागणार नाही. शेताचे नाव बरणीवर लिहिता आले, तर रुग्णाचा विश्वासही दृढ होईल.

रानातून येणाऱ्या द्रव्यांची स्थिती अधिक नाजूक आहे. गुग्गुळाचा वृक्ष अतिसंकटग्रस्त गणला गेला आहे. गुळवेल मात्र खोडाच्या तुकड्यापासून सहज वाढते. बांधावरील कडुनिंबावर ती चढविली, तर शेताची इंचभरही जमीन अडत नाही व रानावरील भार हलका होतो. अट एवढीच, की तिची खरेदी निश्चित असावी.

कायद्याचाही विचार करावयास हवा. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने भारतीय औषध कंपन्यांनाही जैवविविधता कायद्यानुसार लाभवाटप बंधनकारक ठरविले. 2023 च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींस यातून सूट मिळाली; तीसाठी मूळस्थान प्रमाणपत्राची तरतूद आहे. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांशी संबंध ठेवणे म्हणूनच आपल्या हिताचे आहे.

शेतकरी टिकला तर शुद्ध द्रव्य टिकेल, आणि द्रव्य टिकले तरच आपल्या चिकित्सेस अर्थ राहील. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक व्यवसायबंधूने निदान एका शेताची वाट धरावी, एवढीच आमची विनंती आहे.