भायखळा ते खोपोली : महानगराच्या सामाईक कारभाराचा मागोवा

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एमएमआरडीए, २६ जानेवारी १९७५ रोजी अस्तित्वात आले. एक मोठी महापालिका, तिच्या आजूबाजूच्या नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती यांच्या हद्दी शहराने केव्हाच ओलांडल्या होत्या; पाणी, रस्ते, रेल्वे, घरे आणि बाजार यांचा विचार एका जागी व्हावा, म्हणून ही संस्था निघाली. पुढील पाच दशकांत तिचे रूप बरेच पालटले. त्या पालटाच्या खुणा भायखळ्यासारख्या जुन्या वस्तीतही सापडतात. हद्दीपासून दूर, शहराच्या ऐन मध्यात असूनही येथील बाजार, पूल आणि गिरणी कामगारांची घरे यांचे निर्णय महानगराच्या पातळीवर झाले.

१८८८ च्या कायद्याने घडलेल्या मुंबई महापालिकेची हद्द माहीम आणि शीवपाशी संपत असे. शहर मात्र त्याआधीपासूनच बाहेरच्या मुलखावर जगत होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे भायखळ्यावरून धावली आणि पुढे त्याच रुळांच्या कडेने वस्ती कुर्ला, ठाणे, कल्याणकडे सरकत गेली. पाणी १८६० मध्ये साष्टीतल्या विहार तलावातून आले आणि १८९२ मध्ये शहापूरकडच्या तानशातून. भायखळ्याच्या चाळीतला नळ ठाणे जिल्ह्यातल्या जंगलाशी जोडला गेला, त्या वेळी या दोन ठिकाणांचा कारभार एकत्र पाहणारी कोणतीही स्थानिक संस्था नव्हती.

यावर पहिला उपाय झाला तो हद्दवाढीचा. १९५० मध्ये महापालिकेची सीमा पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. वांद्रे, कुर्ला यांसारख्या उपनगरांच्या स्वतंत्र नगरपालिका होत्या. त्या बृहन्मुंबईत विरघळल्या. १९५७ मध्ये सीमा दहिसर आणि मुलुंडला पोहोचली आणि तेथेच थांबली. त्यापुढे ठाण्याची खाडी, ठाणे शहर आणि कल्याणपर्यंतचा औद्योगिक पट्टा होता. तो सगळा एका महापालिकेच्या पोटात घालणे ना शक्य होते, ना शहाणपणाचे.

विलीनीकरणाला पर्याय काय, याचा विचार दीर्घकाळ चालला. महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल आणि पलीकडे नवे शहर सुचवले. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून नव्या मुंबईची कल्पना नकाशांसह लोकांपुढे ठेवली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही प्रदेशांसाठी नियोजन मंडळे नेमावीत अशी शिफारस केली, तेव्हा या चर्चेला कायद्याचे रूप मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाला, १९६७ मध्ये मुंबई महानगर प्रादेशिक नियोजन मंडळ नेमले गेले आणि १९७० मध्ये नव्या शहरासाठी सिडको निघाली. मंडळाची प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली.

त्या योजनेचा गाभा मुंबई बेटावरचा भार उतरवणे हा होता. घाऊक बाजार, कचेऱ्या आणि कारखाने यांनी बेटाबाहेर जावे, अशी तिची दिशा होती. भायखळ्याने हे प्रत्यक्ष अनुभवले. येथील घाऊक भाजीबाजारात नाशिक-पुण्याकडचे ट्रक मध्यरात्रीनंतर येत. पहाट होईतो पाट्या उतरवणारे माथाडी, अडते आणि दादर-गिरगावचे किरकोळ विक्रेते यांनी गल्ल्या भरून जात. १९८१ पासून मुंबईचे घाऊक बाजार एकेक करून नव्या मुंबईत तुर्भे-वाशीला हलू लागले. आधी कांदा-बटाटा गेला आणि १९९० च्या दशकात भाजीचा घाऊक व्यापारही गेला. भायखळ्याचा बाजार त्याने संपला नाही, पण महानगराची भाजी येथे उतरायची ती आता खाडीपलीकडे उतरू लागली. योजनेतल्या एका ओळीने एका वस्तीची पहाट बदलते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मुंबईत सापडणे कठीण.

नियोजन मंडळाने योजना आखली, पण ती अमलात आणण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७४ चा कायदा आला आणि प्राधिकरण स्थापन झाले. शेजारच्या नगरपालिकांनी एकत्र बसून, आपापला थोडा अधिकार देऊन ते उभारलेले नव्हते. राज्य सरकारने ते वरून बसवले. मुंबईचे महापौर आणि काही नगरसेवकांना त्यात जागा मिळाली, पण अध्यक्षपद राज्याच्या मंत्रिमंडळाकडे, कार्यकारी समिती मुख्य सचिवांकडे आणि रोजचा कारभार महानगर आयुक्तांकडे राहिला. प्रदेशातील लहान नगरपालिकांचा आवाज या रचनेत आरंभापासून क्षीण होता. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

अपेक्षित काम नियोजनाचे, समन्वयाचे आणि पैसा पुरवण्याचे होते. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि चित्र पालटत गेले. मिठी नदीकाठच्या त्या दलदलीवर व्यापारी केंद्र उभे राहिले आणि तेथील भूखंडांचे भाडेपट्टे हा उत्पन्नाचा मोठा झरा झाला. हाती जमीन आणि पैसा आल्यावर संस्था स्वतःच बांधकामात उतरली : पूर्व मुक्त मार्ग, उड्डाणपूल, स्कायवॉक, मोनोरेल, मेट्रो.

भायखळ्यात त्याचा परिणाम पायी फिरून पाहता येतो. स्टेशनच्या दक्षिणेचा जे. जे. उड्डाणपूल राज्य रस्ते विकास महामंडळाने २००२ मध्ये बांधला. राणीच्या बागेकडून परळकडे जाणारा लालबागचा उड्डाणपूल एमएमआरडीएचा. तो २०११ मध्ये खुला झाला. खालचा रस्ता, पदपथ आणि गटारे महापालिकेच्या ई विभागाकडे. रुळांवरचा नवा केबल आधारित पूल ‘महारेल’ या रेल्वे पायाभूत सुविधा महामंडळाने उभारायला घेतला. सात रस्त्याला संपणारी मोनोरेल पुन्हा एमएमआरडीएची. चेंबूर-वडाळा टप्पा २०१४ मध्ये आणि सात रस्त्यापर्यंतचा २०१९ मध्ये सुरू झाला, आणि वारंवारच्या बिघाडांनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी ती थांबवण्यात आली. एका नगरसेवकाच्या भागात चार संस्थांचे बांधकाम, आणि त्यांतील एकाच संस्थेला तो सभागृहात जाब विचारू शकतो.

हा दोष घटनाकारांच्या पुढच्या पिढीने ओळखला होता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या महानगरांसाठी महानगर नियोजन समिती सांगितली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. शेजारच्या स्थानिक संस्थांनी मिळून चालवायची संस्था म्हणतात ती हीच. महाराष्ट्रानेही तसा कायदा केला. पण समितीला स्वतःचे नियोजनकार आणि पैसा मिळाला नाही. २०१६ ते २०३६ ची प्रादेशिक योजनाही प्राधिकरणाच्याच कार्यालयात आखली गेली. लंडनमध्ये महानगराची परिषद १९८६ मध्ये मोडीत निघाली, तरी २००० मध्ये थेट निवडलेला महापौर आणि सभागृह घेऊन ती नव्या रूपात परतली. मुंबई प्रदेशात असा लोकनियुक्त टप्पा आलाच नाही.

खालून वर उभ्या राहिलेल्या भागीदारीचे उदाहरण मात्र याच प्रदेशात आहे. उल्हास नदीच्या पाण्यावरील शहाड-टेमघर योजना ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद मिळून ‘स्टेम’ या कंपनीमार्फत चालवतात. पाणीवाटपावरून कुरबुरी होतात, पण भांडण कोणाशी आणि कोठे करायचे हे चौघांनाही ठाऊक असते. विलीनीकरणाचा अनुभव याच्या उलट आहे. १९८३ मध्ये कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर यांची एक महापालिका केली गेली. पुढच्या दशकात अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातून बाहेर पडून पुन्हा नगरपालिका झाली.

सामाईक कारभाराची सर्वांत मोठी कसोटी घरांची. खटाव, न्यू ग्रेट ईस्टर्न, सिम्प्लेक्स या भायखळा परिसरातील गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या. कामगारांना गिरण्यांच्या जमिनीवर पुरेशी घरे मिळाली नाहीत, तेव्हा एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांतला वाटा त्यांच्यासाठी ठेवला गेला. २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली. करोनाच्या काळात या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि दुरुस्तीअभावी ताबा आणखी लांबला. सोडत म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, इमारती एमएमआरडीएच्या, गाव रायगड जिल्ह्यातले आणि कामगार गिरणगावातला. वृद्ध कामगाराला दाद मागण्यासाठी एक दार नव्हते.

प्रदेशाची हद्द ४,३५५ चौरस किलोमीटरवरून २०१९ नंतर सुमारे ६,३०० वर गेली. नऊ महापालिका तिच्यात आहेत. हद्द वाढत असताना त्या महापालिकांची सभागृहे मात्र २०२० पासून एकेक करून मुदत संपून रिकामी झाली. मार्च २०२२ पासून मुंबईतही प्रशासक होता. या काळात महानगराचे निर्णय जवळजवळ पूर्णपणे अधिकाऱ्यांच्या हाती राहिले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होऊन सभागृहे पुन्हा भरली. महानगर नियोजन समितीच्या निवडून द्यायच्या जागा भरण्यास आता अडथळा उरलेला नाही. त्या भराव्यात आणि समितीला स्वतःचे कार्यालय, स्वतःचे नियोजनकार आणि प्राधिकरणाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा द्यावा.