कॅम्पस मुलाखत (सॉफ्टवेअर क्षेत्र)

कॅम्पस मुलाखत म्हणजे महाविद्यालयाच्या नियुक्ती कक्षामार्फत, पदवी पूर्ण होण्यापूर्वीच, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची नोकरीसाठी घेतली जाणारी मुलाखत होय. भारतात सॉफ्टवेअर विकासक म्हणून पहिली नोकरी मिळवण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे. विद्यार्थ्यांच्या बोलीत या प्रक्रियेला 'प्लेसमेंट' आणि ती पाहणाऱ्या अधिकाऱ्याला 'टीपीओ' म्हणतात.

स्वरूप

बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही प्रक्रिया सातव्या सत्राच्या आरंभी सुरू होते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये मुख्य फेरी १ डिसेंबरपासून असते. उन्हाळी प्रशिक्षणात चांगले काम केलेल्यांना मात्र त्याआधीच थेट प्रस्ताव मिळालेला असतो. एकच कंपनी अनेक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एका ठिकाणी बोलावते, तेव्हा त्यास 'पूल कॅम्पस' म्हणतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१८ मध्ये राष्ट्रीय पात्रता चाचणी सुरू केली. तेव्हापासून मोठ्या प्रमाणावरील भरतीचा पहिला टप्पा महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, संगणकावरील सामायिक परीक्षेकडे सरकू लागला.

पहिली गाळणी गुणांची असते. दहावी, बारावी किंवा पदविका आणि पदवी या सर्व टप्प्यांवर ६० टक्के गुण व एकही विषय राहिलेला नसणे, ही अनेक सेवा कंपन्यांची रूढ अट आहे. त्यामुळे एखादी 'केटी' शिल्लक असलेला, पण आज्ञावली लेखनात उत्तम असलेला विद्यार्थी मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर गणिती क्षमता, तर्क, इंग्रजी आणि आज्ञावली लेखन यांची चाचणी होते.

तांत्रिक मुलाखत

तांत्रिक मुलाखत साधारणतः अर्धा ते एक तास चालते. तीत विदा संरचना, वस्तुनिष्ठ आज्ञावली पद्धती (ओओपी), डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांवर प्रश्न येतात. प्राथमिक कळ व परकीय कळ यांतील भेद, प्रोसेस आणि थ्रेड यांतील फरक, लिंक्ड लिस्ट उलटी करणे हे नेहमीचे प्रश्न होत. त्यांची उत्तरे पाठ करता येतात, आणि ती पाठ केलेली आहेत हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच खरी परीक्षा उपप्रश्नांत होते.

एक प्रचलित उदाहरण असे: संख्यांच्या यादीतून ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होईल अशी जोडी शोधा. प्रत्येक संख्या उरलेल्या प्रत्येक संख्येशी जोडून पाहणे हे सहज सुचणारे उत्तर आहे. १,००० संख्यांच्या यादीत या रीतीने ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागू शकतात. त्याऐवजी पाहिलेली प्रत्येक संख्या हॅश टेबलमध्ये नोंदवत गेल्यास, पुढील संख्येची पूरक संख्या आधी येऊन गेली आहे का हे लगेच कळते आणि यादी एकदाच वाचावी लागते. वेळ वाचतो, पण जादा स्मृती खर्च होते. यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली असेल, तर दोन्ही टोकांकडून आत सरकत गेल्याने तो खर्चही टळतो. 'यादी रिकामी असेल तर?', 'तीच संख्या दोनदा आली तर?' असे प्रश्न नंतर येतात. सुरुवातीला संथ उत्तर सांगून त्यातील दोष स्वतः दाखवणारा उमेदवार गप्प बसून अचूक ओळी लिहिणाऱ्यापेक्षा अनेकदा सरस ठरतो, कारण पहिल्याचा विचार समोरच्यास दिसतो.

अंतिम वर्षाचा प्रकल्प हा दुसरा मोठा विषय. प्रकल्प बहुधा तीन-चार जणांचा असल्याने 'यात तुम्ही स्वतः काय केले?' हा प्रश्न हमखास येतो. बाजारातून तयार आणलेला प्रकल्प येथे दोन-तीन प्रश्नांत उघडा पडतो. याउलट, छोटासाच पण स्वतः लिहिलेला आणि स्वतः दुरुस्त केलेला प्रकल्प बराच वेळ बोलण्याजोगे काही देतो.

मनुष्यबळ विभागाची मुलाखत

या फेरीत स्वतःची ओळख, कोणत्याही शहरात व पाळीत काम करण्याची तयारी आणि सेवा करार यांवर बोलणे होते. मुलाखत सहसा इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना विषय येत असूनही येथे अडखळावे लागते. अनेक महाविद्यालये त्यासाठी सराव मुलाखती घेतात.

सेवा करार म्हणजे ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचे बंधन. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. तरीही मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवण्याची अट आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहिलेले बरे.

निवडीनंतर

निवड झाली म्हणजे नोकरी लागली असे नाही. सुरुवातीला अनेकदा केवळ इरादापत्र मिळते. नियुक्तीपत्र व रुजू होण्याची तारीख नंतर कळते. २०२१-२२ मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात विक्रमी भरती झाली आणि लगेच मागणी मंदावली. तेव्हा निवडलेल्या काही पदवीधरांना रुजू होण्यासाठी वर्ष-दोन वर्षे थांबावे लागले. अशा वेळी 'एक विद्यार्थी, एक नोकरी' हा नियुक्ती कक्षाचा नियम जाचक ठरतो: अधिकाधिक विद्यार्थ्यांना संधी मिळावी म्हणून केलेल्या या नियमामुळे निवड झालेला विद्यार्थी नंतर आलेल्या कंपन्यांना बसू शकत नाही. काही महाविद्यालये ठरावीक पटीने अधिक वेतन देणाऱ्या 'ड्रीम' कंपनीसाठी या नियमातून सूट देतात. लांबलेल्या नियुक्तीसाठी मात्र अशी सूट सर्वत्र नाही.