बातमीत नाव, मजुरीत वाटा

1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. न्यायालयाने फाशी सुनावली. अपिलात ती टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे तीही कमी झाली. खटला एकटीवर होता, पण त्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला पिंजऱ्यात उभे केले. ‘पुणे वैभव’ हे सनातनी वळणाचे पत्र त्यात आघाडीवर होते.

त्याला उत्तर गेले ते आपल्या वऱ्हाडातून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या 500 प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. मराठा घराच्या उंबरठ्याआड राहणाऱ्या या बाईचे हे पहिलेच लेखन, आणि तेच एकमेव पुस्तक ठरले.

या पुस्तकाकडे आपण स्त्रीमुक्तीचा आद्य ग्रंथ म्हणून पाहतो, ते रास्तच आहे. पण ते माध्यमांची झडती घेणारे पुस्तकही आहे. ताराबाई पत्रकर्त्यांना जाब विचारतात: बायकांच्या माथी मारलेला प्रत्येक दुर्गुण पुरुषात नाही काय? विधवेला आडवाटेला नेतो कोण? ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी गाजलेल्या कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’सारखे नाटक घेऊन त्यांत बाई कशी रंगवली आहे, हेही त्या तपासतात. शिवाय देशी कारागिरांचे धंदे बसत असताना विलायती कपड्यांत मिरवणाऱ्या पुरुषांना त्या सुनावतात. छापील मजकूर, घरातली सत्ता आणि पोटाचा धंदा यांचा हिशेब त्यांनी एकत्र मांडला.

पुस्तकावर टीका झाली. 1885 साली आपल्या ‘सत्सार’मध्ये जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर मात्र ताराबाईंच्या हातून दुसरे पुस्तक आले नाही आणि हे पुस्तकही विस्मरणात गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे या प्राध्यापक-संशोधकाने ते पुन्हा प्रकाशात आणले. त्याच सुमारास, 1974 साली, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्रियांवरील संशोधनाचे केंद्र सुरू झाले होते. स्त्री-अभ्यास हा विषय रुजला आणि ताराबाई वर्गात पोचल्या. शिक्षकांचे हे ऋण मोठे आहे.

आज बातम्यांत बाई किती दिसते, याची जगभर मोजदाद होते. 1995 पासून ठरावीक वर्षांनी अनेक देशांतल्या एकाच दिवसाच्या बातम्या तपासल्या जातात. ज्यांच्याविषयी किंवा ज्यांच्या तोंडून बातमी येते, अशा माणसांत 1995 मध्ये स्त्रिया 17 टक्के होत्या. 2020 मध्ये 25 टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्केबिंदूंची वाढ! आपल्या देशाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायका सुमारे 14 टक्के. आकडे वेगवेगळ्या पाहण्यांतले आहेत, पण सांगतात एकच: जिचे काम मोजले जात नाही, तिचे म्हणणेही कुणी विचारत नाही.

अकोल्यात हे ताडून पाहायला लांब जावे लागत नाही. मोर्णेच्या पश्चिमेला जुने शहर, तिथून थोडे बाहेर पडले की पऱ्हाटीची वावरे लागतात. दव वाळले की वेचणी सुरू होते, कारण ओला कापूस बाजारात नाकारला जातो. वेचणाऱ्या बहुतेक बायकाच. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो, वाळल्या बोंडाची टोके बोटांत रुततात. सांजेला काट्यावर वजन होते आणि मजुरी किलोवर मिळते. पहिल्या वेच्यात बोंडे भरघोस असतात. शेवटच्या वेच्यात तेवढेच तास राबूनही ओटी अर्धी राहते. किलोचा दर वाढला नाही, तर त्या दिवसाची मजुरी घटते. फवारणीच्या पुरुष गड्याला मात्र रोज ठरलेला. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला, पण किलोच्या हिशेबाने बायकांचे काम आणि रोजाच्या हिशेबाने पुरुषांचे, अशी विभागणी झाली की तुलना करायची कशी?

बदल अशक्य नाही, हे महाराष्ट्राच्या मातीने दाखवले आहे. शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या हाकेवरून ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी राजीखुशीने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. 1994 मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणले. सातबाऱ्यावर नाव चढले की बाई बँकेत आणि ग्रामसभेत खातेदार म्हणून बोलू शकते.

म्हणून मागणे साधे आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजात ‘स्त्रीपुरुषतुलना’ वाचून घ्यावी आणि त्याच तासाला त्या दिवसाचे वर्तमानपत्र उघडावे. मुलामुलींनी मोजावे: किती बातम्यांत बाई बोलते, कुठल्या कामाची मजुरी छापली, कुठली वगळली. आणि संपादकांनी हंगामात कापसाच्या भावाशेजारी वेचणीचा दर तालुकावार छापावा. छापलेला दर हातात असला की मजुरी ठरवताना वेचणाऱ्या बाईला बोलायला आधार मिळतो. ताराबाईंनी शब्दांचा हिशेब मागितला होता. मजुरीचा हिशेब मागणे हे त्यांच्या लेकींचे काम आहे, आणि ते शिकवणे हे शिक्षकांचे.