हळदीतले शिसे कसे मोजतात?

उमरखेड परिसर हळदीसाठी ओळखला जातो. हळद कुठलीही असो, रंग खुलवण्यासाठी तिला लेड क्रोमेट चोळले, तर शिसे पोटात जाते. मुलांच्या मेंदूला ते फार घातक. म्हणून कायद्याने किलोमागे 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. एवढेसे शिसे मोजायचे कसे?

आम्ही अर्धा ग्रॅम पूड नायट्रिक आम्लात तापवून विरघळवतो आणि पाण्याने 50 मिलिलिटर करतो. अणुशोषण वर्णपटमापकात हे द्रावण तापवले, की शिशाचे सुटे अणू 283.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. मात्र हळदीतले इतर क्षार हे शोषण दडपू शकतात.

समजा, शुद्ध पाण्यात लिटरला 0.1 मिलिग्रॅम शिसे असताना यंत्र 10 दाखवते आणि हळदीच्या द्रावणाला 9. म्हणजे किलोमागे 9 मिलिग्रॅम, माल पास! आता याच द्रावणात लिटरला 0.1 मिलिग्रॅम शिसे मुद्दाम मिसळू. आकडा 19 व्हायला हवा, पण होतो 15. वाढ फक्त 6. म्हणून मूळ शिसे 0.1 × 9 ÷ 6 = 0.15, म्हणजेच किलोमागे 15 मिलिग्रॅम. माल नापास!

प्रत्येक नमुन्यात तीन-चार वेळा अशी मोजकी भर घालताना माणूस कंटाळतो, चुकतो. स्वयंचलित यंत्र रात्रभर तेच काम न थकता करते. पण भर घालायला सांगितलीच नाही, तर ते 9 हा आकडाही तितक्याच इमानाने शंभरदा दाखवील. पडताळणी कशी करायची, हे आपणच ठरवायचे.