कोरहाचा प्रश्न आणि सलाफहादाच्या कन्यांचा प्रश्न



आज आपण बमिदबार ग्रंथातील कोरह ही पाराशा ऐकली. लेवी वंशातील कोरह, रऊबेन वंशातील दाथान, अबीराम व ओन आणि मंडळीतील 250 नामांकित पुरुष मोशे रब्बेनू व अहरोन यांच्याविरुद्ध उठले. सर्व मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच स्वतःला श्रेष्ठ का समजता, असे त्यांनी विचारले. वरवर पाहता हे बोलणे खोटे नव्हते. इस्राएल पवित्र राष्ट्र व्हावे, हे सीनाय पर्वतापाशीच सांगितले होते. मग भूमीने तोंड उघडून गिळावे, असा अपराध कोणता?

उत्तर मोशेच्या बोलण्यातच आहे. कोरहाच्या कुळाकडे पवित्र वस्तू वाहून नेण्याची सेवा होती. ती थोडी वाटली म्हणून आता याजकपदही हवे काय, असे मोशे त्याला विचारतो. ओठांवर सर्वांचे नाव होते, मनात मात्र स्वतःचे आसन. दाथान व अबीराम यांना बोलावणे गेले, तेव्हा आम्ही येत नाही, असा उलट निरोप आला. ज्याला उत्तर ऐकायचेच नाही, त्याचे विचारणे हा प्रश्न नसून बंड असते. म्हणूनच पिर्के आवोतमध्ये आपल्या ऋषींनी हिल्लेल व शम्माय यांचा वाद देवाप्रीत्यर्थ मानला. कोरहाचा मानला नाही.

परंतु हीच पाराशा अधिकाऱ्यांनाही धडा देते. आरोप ऐकताच मोशे पालथा पडला, आणि दाथान व अबीराम आले नाहीत तेव्हा तो स्वतः उठून त्यांच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा कुरकुरले व मरी सुरू झाली. तेव्हा अहरोन धुपाटणे घेऊन त्याच लोकांमध्ये धावत गेला आणि मृत व जिवंत यांच्या मध्ये उभा राहिला. मरी थांबली, पण तोवर 14,700 माणसे गेली होती. रुग्णसेवेत आयुष्य घालवलेल्या मला हे वचन फार मोठे वाटते. आपल्याला दोष देणाऱ्याच्याच खाटेपाशी जो धावून जातो, त्याचा अधिकार सिद्ध करावा लागत नाही.

पुढे पीनहास पाराशेत महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच बहिणी येतात. त्या दर्शनमंडपाच्या दारी, मोशे, एलाजार, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आमचा पिता कोरहाच्या टोळीत नव्हता, हे त्यांनी आवर्जून सांगितले. त्याला पुत्र नव्हता म्हणून त्याचे नाव का पुसले जावे, आम्हांला वतन द्या, असे त्यांचे मागणे होते. मोशेने ते परमेश्वरापुढे नेले. कन्यांचे म्हणणे रास्त ठरले आणि वारसाचा नियम सर्व इस्राएलासाठी विस्तारला.

आपल्या बेने इस्राएल समाजाने हा भेद स्वतः अनुभवला आहे. 1962 साली येथील मुख्य रब्बीमंडळाने विवाहापूर्वी आपल्या लोकांच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन चौकशी करण्याचे निर्देश काढले. 1964 मध्ये आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्ट महिन्यात क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला आणि त्यानंतर त्या निर्देशांतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले. धर्मव्यवस्था मोडावी, असे आपल्या वडीलधाऱ्यांचे मागणे नव्हते. त्याच व्यवस्थेत आपल्याला पूर्ण मोजावे, एवढेच होते. म्हणून ते कोरहाचे नव्हे, तर सलाफहादाच्या कन्यांचे वारस ठरतात.

तेव्हा सिनेगॉगच्या सभेत वा घरी मुलाने काही विचारले, तर त्याला चटकन कोरह म्हणू नये. आणि विचारणाऱ्यानेही स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: हे मी कोणासाठी मागतो? सर्वांसमोर मांडू शकतो का? आणि उत्तर ऐकण्यास थांबेन का?

कोरहाचे पुत्र मात्र मेले नाहीत, असे तोरा सांगते. त्यांच्या नावाची स्तोत्रे आपण तेहिलीममध्ये आजही गातो.

परमेश्वर आपणा सर्वांना शालोम देवो. आमेन.