गाडीचं रबिंग-पॉलिश : चमक येते कुठून?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. बादली, फडकं, पॉलिशची डबी आणि घाम गाळणारा एखादा फायनल इयरवाला. अर्ध्या तासात बाईकची टाकी चकाकते, साहेब खूश! दोन-चार वेळा गाडी धुतली की बारीक चरे पुन्हा हजर. मग "पॉलिशच हलकं होतं यार" असा निकाल लागतो. खरं म्हणजे चरे गेलेच नव्हते, ते फक्त भरले गेले होते. हा फरक मला उन्हाळ्याच्या सुट्टीत भंडाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये कळला, आणि त्याची फी मामांच्या बॉनेटने भरली.

झालं असं, की मामांच्या जुन्या लाल मेटॅलिक गाडीच्या बॉनेटला डेंटिंग-पेंटिंग करायचं होतं. लांबी, प्रायमर, लाल बेस आणि वरून पारदर्शक क्लिअर, असे थर चढले. दुसऱ्या दिवशी बघतो तर बॉनेटभर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. रंगकामात या दोषाचं नावच 'ऑरेंज पील' आहे. नागपूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वेगळं समजवायला नको! गनमधून उडालेला थेंब पृष्ठभागावर पडून पसरायला थोडा वेळ लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. थिनर थेंब पसरायच्या आधीच उडून जातो आणि थेंब आहे तसा गोठतो. म्हणून उन्हाळ्यात हळू उडणारा थिनर वापरायचा आणि फवारणी भल्या सकाळी उरकायची. ते जमलं नाही तर पाणी मारून घासणं आलं.

आता खरी भानगड. क्लिअरचा थर असतो किती? साधारण ५० मायक्रॉन. तुमच्या जर्नलमधला झेरॉक्सचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या निम्मा. घासणं, कंपाउंड, पॉलिश हे सगळं या अर्ध्या कागदातून वजा होतं. बँकेत पैसे मोजके आहेत आणि आपण नुसते काढतोय, भरत काहीच नाही.

घासायला वॉटर पेपर लागतो. १५०० नंबरच्या पेपरवरचा दाणा सरासरी १२-१३ मायक्रॉनचा, २००० चा १० च्या आसपास, २५०० चा ८ च्या थोडा वर. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवायचा, बादलीत साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि पेपर रबरी ठोकळ्यावर गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर दाब बोटांखालीच पडतो आणि नाल्या उमटतात. पाणी निघालेला भुगा वाहून नेतं, नाहीतर तोच भुगा गोळा होऊन खोल चरे पाडतो. हा पेपर तसा आपल्या पणजोबांच्या काळातला. फ्रान्सिस ओकी नावाच्या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघालेला पाण्यात टिकणारा पेपर थ्री-एम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला आणि मोटारीच्या रंगकामात तो लगेच रुजला. (त्याच कंपनीचा मास्किंग टेप १९२५ चा, तोही गाड्या रंगवणाऱ्यांची अडचण बघूनच सुचलेला.)

नंबर बदलला की दिशा बदलायची. १५०० उभा मारला असेल तर २००० आडवा. म्हणजे उभे चरे संपले की नाही हे डोळ्यांना कळतं. प्रत्येक पेपरचं काम एकच, आधीच्या पेपरचे चरे मिटवणं. मध्ये एक नंबर गाळला तर पुढचा पेपर दुप्पट वेळ खातो.

आणि तपासायचं ते कोरडं करून! ओला पृष्ठभाग नेहमीच चकचकीत दिसतो. चऱ्यात हवा असते तेव्हा प्रकाश तिथे आदळून सैरावैरा पसरतो, म्हणून रंग पांढुरका दिसतो. चऱ्यात पाणी शिरलं की चित्र बदलतं, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि क्लिअरचा १.५ च्या आसपास. फरक कमी म्हणून प्रकाशाचं विखुरणंही कमी. डबीतल्या तेलकट पॉलिशची जादूही हीच. पाणी पाच मिनिटांत वाळतं, तेल दोन-चार धुलायांत जातं, एवढाच फरक.

मग खरी चमक म्हणजे काय? न्यूटनने 'ऑप्टिक्स' (१७०४) मध्ये काचेबद्दल लिहून ठेवलंय की पॉलिश करणं म्हणजे चरे नाहीसे करणं नव्हे, ते दिसेनासे होईपर्यंत बारीक करत नेणं. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. चरे त्याच्याही बरेच खाली गेले की प्रकाशाला ते जाणवत नाहीत आणि बॉनेटमध्ये आपला चेहरा दिसतो. हे शेवटचं काम कंपाउंडचं. त्यातले बरेचसे दाणे घासता घासता तुटून आणखी बारीक होतात, म्हणून ते अर्ध्यात पुसून टाकायचं नाही. मशीन असेल तर आधी लोकरीचा बफ, मग फोम. कमी स्पीड, हात सतत फिरता, गाडी सावलीत. उन्हात कंपाउंड वाळून चिकटतं.

भंडारा म्हणजे पितळेचं गाव, त्यामुळे घरोघरी हे थोडंफार ठाऊक असतंच. आजी तांब्याला आधी चिंच लावते, मग राखेने घासते. चिंचेतलं आम्ल काळपट ऑक्साइड काढतं, राख बारीक चरे पाडत चमक आणते. नव्या रंगावर चिंचेचं काम नाही, फक्त राखेचं आहे.

घाईचा तोटा वेगळाच. क्लिअर हार्डनरमुळे आवळत जातो, पण आत थोडा थिनर उरलेला असतो. कच्च्या थरावर पॉलिश मारलं तर पुढे थर बसतो आणि खालचे चरे वर डोकावतात. डब्यावर लिहिलेला वेळ पाळायचा आणि वॅक्स काही आठवडे लावायचंच नाही. अजून एक, या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणीच्या वेळी तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. दमा एकदा लागला की जन्माचा सोबती.

आता माझी कर्तबगारी. बॉनेटचा सपाट भाग मस्त झाला. बादलीत उतरणारं पाणी दुधासारखं पांढरं, म्हणजे फक्त क्लिअर निघतोय. शेवटी कडेला आलो, ठोकळा नीट बसेना, म्हणून बोटांनी घासायला लागलो. दहा-बारा हात मारले असतील, तोच पाणी गुलाबी झालं. मिस्त्री मागून ओरडले, "काहून घाई करून राहिला बे? लाल निघाला ना!"

उशीर झाला होता. ओला रंग टोकदार कडेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओघळतो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ. त्यात कडेवर पेपरचा स्पर्श चिमूटभर जागेत, म्हणजे जोर तोच पण दाब कितीतरी जास्त. मेकॅनिक्समध्ये बल भागिले क्षेत्रफळ शिकलो होतो, पण हात फिरवताना आठवेल तर शपथ! म्हणून जाणकार माणूस घासायच्या आधी कडांवर आणि उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप मारतो आणि शेवटी तेवढी पट्टी हलक्या हाताने उरकतो.

उघड्या पडलेल्या बेसवर कितीही कंपाउंड मारा, चमक येत नाही. तेवढ्याच जागी क्लिअर मारला तर जोड दिसतो. त्यामुळे कडेवर लाल बेस मारून अख्ख्या बॉनेटवर पुन्हा क्लिअर चढवावा लागला. मामा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या डब्याचं बिल माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या खेपेला कडांवर टेप होता. शेवटी मिस्त्रींनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बॉनेट पुसायला लावलं, म्हणजे कंपाउंडचं तेल निघून जातं आणि लपलेले चरे उघडे पडतात. मग शटर खाली ओढून टॉर्च तिरका धरला. दोन ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे निघाले, ते फोमने पुन्हा घेतले. तुमच्या टाकीवर हा प्रयोग करायचा तर रविवारच्या पॉलिशनंतर रात्री मोबाईलचा टॉर्च असाच तिरका धरून बघा.